सावलीच्या बागेसाठी सदाहरित ग्राउंड कव्हर : नाशिकच्या हवेत कोणते रोप घेण्याजोगे आहे

नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि महात्मानगर या भागांतील जुन्या बंगल्यांभोवतीची हिरवळ ठिकठिकाणी विरळ होत गेलेली दिसते, आणि त्याचा दोष माळ्याला किंवा पाण्याच्या वेळापत्रकाला देणे योग्य नाही. शेजारच्या प्लॉटवर बहुमजली इमारत उभी राहिली की सकाळचे ऊन जाते. बंगला बांधताना लावलेले आंब्या-फणसाचे रोप एव्हाना छपरापेक्षा उंच झालेले असते आणि दुपारचे ऊन ते अडवते. लॉनचे गवत कोणतेही असो, त्याला थेट ऊन लागते. हरळीच्या सुधारित जाती तर सावलीत महिनाभरातच पिवळ्या पडू लागतात, आणि थोडी सावली सोसणारे कोरियन गवतही दाट झाडाखाली विरळ होत जाते. अशा जागी दर पावसाळ्यात नव्याने लॉन अंथरण्यावर खर्च करण्यापेक्षा सावलीतच वाढणारी, बारमाही हिरवी राहणारी आणि जमीन झाकणारी रोपे लावावीत, या विचाराने आमच्या आवारात जी रोपे लावली, त्यांचे हे परीक्षण आहे. शहरातल्या वेगवेगळ्या रोपवाटिकांतून आणलेल्या या रोपांनी इथला उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा पाहिला आहे, त्यामुळे नर्सरीतल्या टवटवीतपणावरून नव्हे, तर जमिनीतल्या वागणुकीवरून त्यांच्याविषयी बोलता येते.

सावलीच्या बागेविषयी इंटरनेटवर शोध घेतला, तर होस्टा, पॅकिसॅन्ड्रा, व्हिन्का मायनर, इंग्लिश आयव्ही ही नावे वारंवार समोर येतात. ही समशीतोष्ण प्रदेशातली रोपे आहेत. होस्टा तर सदाहरितही नाही. थंडीत तिची पाने झडतात आणि पुढच्या वाढीसाठी तिला तशी कडक थंडी लागते. नाशिकची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली आहे, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाते आणि निफाडकडे त्याहून खाली उतरते हे खरे. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास पोहोचतो आणि हवा कमालीची कोरडी होते. त्या यादीतल्या रोपांना हा उन्हाळा झेपत नाही. म्हणून ऑनलाइन मिळणारी त्यांच्या बियांची पाकिटे या परीक्षणातून मी पूर्णपणे वगळली आहेत.

रोपांकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण माझा पुढचा प्रत्येक अभिप्राय त्यावर उभा आहे. सावली एका प्रकारची नसते. मोठ्या झाडाखालची सावली कोरडी असते: झाडाची वरवरची मुळे पाणी ओढून घेतात, पानांचा छत्रीसारखा विस्तार हलका पाऊस खाली पोहोचू देत नाही आणि पालापाचोळा सतत पडत राहतो. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यातली, म्हणजे आपण ज्याला साइड मार्जिन म्हणतो तिथली सावली मात्र ओलसर असते. तिथे पन्हळीचे पाणी पडते, वारा कमी असतो आणि ओल लवकर सुकत नाही. बहुतेक रोपवाटिकांत मात्र ‘हे सावलीत चालते’ एवढे एकच उत्तर मिळते. एका जागी उत्तम वाढणारे रोप दुसऱ्या जागी मरते ते यामुळेच.

आंब्याखालच्या कोरड्या सावलीसाठी माझी पहिली पसंती निःसंशय मोंडो ग्रासला आहे. नावात ग्रास असले तरी ते गवत नाही. ओफिओपोगॉन जॅपोनिकस हे त्याचे शास्त्रीय नाव असून ते शतावरीच्या कुळातले आहे. त्याच्या मुळांवर लहान गाठी असतात, त्यांत पाणी साठते, आणि म्हणूनच एप्रिलमध्ये दोन पाण्यांतले अंतर वाढले तरी ते तग धरते. चीनमध्ये या गाठी औषधात वापरल्या जातात. बुटकी जात जेमतेम दहा सेंटीमीटरपर्यंत वाढते, तिला कापावे लागत नाही, आणि गडद हिरवा रंग बाराही महिने बदलत नाही. आंब्याची पाने पडली तरी ती खराट्याने अलगद ओढून काढता येतात, पाती तुटत नाहीत. तिचा एकमेव दोष म्हणजे संथपणा, आणि तो खर्चाच्या दृष्टीने गंभीर आहे. दहा सेंटीमीटर अंतरावर लावल्यास एका चौरस मीटरला १०० रोपे लागतात, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या तुकड्याला ९०० हून अधिक. पंधरा सेंटीमीटर अंतर ठेवले तर हीच संख्या चौरस मीटरला ४४ च्या आसपास येते, पण मग मधली जमीन झाकायला दोन पावसाळे सहज जातात आणि तोपर्यंत निंदणी करावी लागते. ज्यांना घाई आहे त्यांनी हे रोप घेऊ नये. ज्यांना एकदा लावून अनेक वर्षे निर्धास्त राहायचे आहे, त्यांनी मात्र दुसरे पाहू नये.

त्याचीच जवळची नातलग लिरिओपी थोडी उंच, रुंद पात्यांची आणि अधिक रुबाबदार आहे. पावसाळ्याच्या शेवटी तिला जांभळ्या फुलांचे तुरे येतात. संपूर्ण तुकडा भरण्यापेक्षा वाफ्याच्या कडेला लावण्यासाठी ती अधिक योग्य वाटली, कारण तिचे झुपके एकमेकांना भिडायला वेळ लागतो आणि मध्ये तण उगवते. पांढऱ्या पट्ट्यांची जात अंधाऱ्या कोपऱ्यात उठून दिसते, हा तिचा वेगळा गुण आहे.

स्पायडर प्लांट, म्हणजेच क्लोरोफायटम, हेही शतावरीच्याच कुळातले. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाजारात येणारी फोडशीची रानभाजी हीही एक क्लोरोफायटमच, पण वेगळ्या जातीची. फोडशी पावसाळा संपला की जमिनीत विरते, दक्षिण आफ्रिकेकडून आलेला स्पायडर प्लांट मात्र वर्षभर हिरवा राहतो. लांब दांड्यांवर येणारी पिल्ले जमिनीला टेकली की तिथेच मुळे धरतात, त्यामुळे मोजकी रोपे आणली तरी वर्षभरात बराच भाग भरून निघतो. स्वस्तात जागा झाकायची असेल, तर याच्याइतके किफायतशीर रोप मला दिसले नाही. पण बोअरवेलच्या जड पाण्याने त्याच्या पानांची टोके तपकिरी होतात. पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड या रोपाला सोसत नाहीत. शक्य तिथे नळाचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी द्यावे, आणि जिथे केवळ बोअरवेलवरच बाग आहे तिथे पट्ट्यांच्या जातीऐवजी साधी हिरवी जात घ्यावी, ती थोडी अधिक सोशिक आहे.

ज्या ठिकाणी पाणी पोहोचवणेच अवघड आहे, उदाहरणार्थ खोडाच्या अगदी जवळ, तिथे बुटका स्नेक प्लांट उत्तम ठरला. सान्सेव्हेरिया हानी या नावाने तो मिळतो; गुलाबाच्या फुलासारखी त्याची पाने जमिनीलगत पसरतात. पावसाळ्यात पाणी साचले तर तो कुजतो, म्हणून काळ्या मातीत थेट न लावता मुरूम आणि वाळू मिसळून थोडा उंचवटा करावा लागतो. तो घनदाट गालिचा करणार नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये.

आंब्याखाली काय लावावे याचा विचार करताना झाडाचा विचार बहुधा राहून जातो, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आंब्याला चांगला मोहोर यायचा असेल तर पावसाळा संपल्यावर मोहोरापूर्वीचे दोन-तीन महिने त्याला पाण्याचा ताण बसावा लागतो. त्याच काळात खालच्या नाजूक रोपांसाठी आपण रोज पाइप धरला, तर झाड मोहोराऐवजी नवी पालवी काढण्याकडे वळते. म्हणून फळ देणाऱ्या आंब्याखाली पाण्याची हाव असणारे काहीही लावू नये. मोंडो, लिरिओपी आणि स्नेक प्लांट यांना मी झुकते माप देतो त्याचे अर्धे कारण हे आहे. शिवाय मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा खाली टपकतो आणि त्यावर काळी काजळी धरते. रुंद, चकचकीत पानांच्या रोपांवर ती विद्रूप दिसते आणि पानांपर्यंत प्रकाश पोहोचू देत नाही. अरुंद पात्यांवर ती फारशी जाणवत नाही, आणि एकदा जोरात पाणी मारले की निघून जाते. लागवडीसाठी खोल खणू नये आणि खोडाभोवती मातीचा ढीग चढवू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. मुळांच्या मधल्या मोकळ्या जागा शोधून खुरप्याने लहान खड्डे करणे कष्टाचे आहे, पण झाडाच्या दृष्टीने तेच सुरक्षित आहे.

ओलसर सावलीत चित्र पूर्ण वेगळे होते, कारण तिथे निवड विपुल आहे. तिथे सर्वांत समाधान दिले ते हेमिग्राफिसने. वरून राखाडी-हिरव्या धातूसारखी आणि खालून जांभळी अशी त्याची पाने अतिशय देखणी असतात, आणि पसरण्याचा वेग असा की जूनमध्ये एका फुटाच्या अंतराने लावलेल्या काड्या दिवाळीपर्यंत एकमेकींत मिसळून जातात. केरळमध्ये त्याला मुरिकूटी म्हणतात आणि जखमेवर पाला लावण्याची तिथे प्रथा आहे. पाणी चुकले की ते तत्काळ मान टाकते, परंतु पाणी मिळताच काही तासांत सावरते. अगदी गडद सावलीत जांभळा रंग फिका पडतो, म्हणून थोडा तिरपा प्रकाश येईल अशी जागा त्याला द्यावी. जानेवारीच्या थंडीत वाढ थांबते. त्या वेळी खत देऊ नये, फेब्रुवारीअखेर छाटून मग द्यावे.

पिंपळीला मात्र हवे तितके श्रेय मिळत नाही, याचे मला वाईट वाटते. सुंठ आणि मिरे यांच्याबरोबर त्रिकटूत जाणारी ही पिंपळी आपल्या देशातली मूळची वेल आहे, तिला सावली आवडते, आणि आधार दिला नाही तर ती जमिनीवरच हृदयाच्या आकाराच्या चकचकीत पानांचा थर पसरते. शोभेच्या रोपांच्या विभागात ती ठेवलेलीच नसते. औषधी वनस्पतींच्या रांगेत शोधावी लागते. विडीच्या आकाराची तिची फळे हिरवट-काळी झाली की काढून वाळवता येतात. ओल आणि कुजलेला पाला भरपूर असेल तरच तिची वाढ होते, ही तिची अट आहे. ती पूर्ण होत असेल, तर बाहेरून आणलेल्या कोणत्याही रोपाऐवजी मी हिचीच शिफारस करीन.

नेफ्रोलेपिस फर्नविषयी माझे मत संमिश्र आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर डिसेंबरपर्यंत त्याच्याइतके सुंदर काही नाही. मार्चपासून मात्र कोरड्या वाऱ्याने झावळ्यांची टोके करपू लागतात. घेतानाच कॉर्डिफोलिया ही जात मागावी, कारण तिच्या मुळांवर पाणी साठवणारे गोल कंद असतात आणि उन्हाळ्यात वरचा भाग खराब झाला तरी पहिल्या पावसात ती पुन्हा फुटते. कुरळ्या पानांच्या, हँगिंग बास्केटमध्ये विकल्या जाणाऱ्या जाती जमिनीसाठी घेऊ नयेत.

सिंगोनियम आणि मनी प्लांट सावलीत जमीन झाकतात हे निर्विवाद, पण दोन्ही मूळच्या चढणाऱ्या वेली आहेत. भिंत किंवा खोड सापडले की त्या वर जातात आणि वर गेल्यावर त्यांची पाने कितीतरी मोठी होतात. सिंगोनियमच्या पानांचा तर आकारही बदलतो. दर महिन्याला कडा छाटण्याची तयारी असेल तरच त्या लावाव्यात. या दोन्हींच्या, तसेच अग्लोनिमा आणि पीस लिलीच्याही पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते चावल्यास तोंडाची तीव्र आग होते. घरात रांगते मूल किंवा कुत्रे असेल तर ही रोपे जमिनीवर नकोत. झेब्रिना ट्रॅडेस्कॅन्शियाचे चंदेरी पट्टे मोहक आहेत, तथापि त्याच्या रसाने कुत्र्यांच्या पोटाला व पंजांना खाज सुटते आणि पाय पडताच त्याच्या काड्या मोडतात.

अग्लोनिमाविषयी स्पष्टच सांगतो: नाशिकमध्ये ते जमिनीत लावण्यासाठी घेऊ नये. तापमान १० अंशांखाली गेले की त्याची पाने काळवंडतात, आणि आपल्याकडे तशा रात्री दर हिवाळ्यात येतात. कुंडीत, घराच्या आत, ते निर्धास्त राहते. कॅलॅडियमचेही तसेच. गणपतीच्या सुमारास त्याची लाल-गुलाबी पाने पाहून मोह होतो, पण ते सदाहरित नाही. थंडी सुरू होताच पाने गळून कंद जमिनीत झोपी जातो आणि जागा उघडी पडते.

उत्तरेकडची बाजू बारमाही सावलीची असते हा समज इथे दुरुस्त करून घेतला पाहिजे. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळी तर तो त्याच्याही आधीपासून उत्तरेच्या भिंतीवर येतो. पावसाळी ढग येण्यापूर्वीचे ते शेवटचे दिवस सावलीतल्या रोपांसाठी वर्षातले सर्वांत कठीण असतात. त्या दिवसांत हिरवी शेडनेट बांधणे हा साधा उपाय आहे, आणि फर्न व हेमिग्राफिससाठी तो केलाच पाहिजे.

आता खरेदीविषयी. आपल्या रोपवाटिकांत मिळणारी शोभेची बरीचशी रोपे आंध्र प्रदेशातल्या कडियमहून येतात. राजमहेंद्रवरमजवळचे हे गाव देशभर रोपे पुरवते आणि ते गोदावरीच्याच काठी, तिच्या मुखाजवळच्या दमट प्रदेशात वसलेले आहे. तिथल्या ओलसर हवेत वाढलेले रोप ट्रकमधून उतरवून लगेच आपल्या कोरड्या हवेत जमिनीत लावले, तर त्याला धक्का बसणारच. नवा माल उतरला असेल तर आठवडा-दोन आठवडे घरी सावलीत पिशवीतच ठेवून मग लावणे चांगले. पिशवीतली लाल चिकट माती हाही वेगळा विषय आहे: ती वाळली की विटेसारखी घट्ट होते, आणि आपल्या काळ्या मातीत तशीच ठेवली तर सभोवती ओल असूनही मुळांपर्यंत पाणी जात नाही. लावण्यापूर्वी पिशवी पाण्यात बुडवून ठेवावी, गोळा हाताने सैल करावा आणि खड्ड्यात पोयटा माती, कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड घालावी.

एका रोपवाटिकेतून आलेल्या पिशव्यांबरोबर आमच्याकडे लव्हाळा आला. मोंडोच्या पात्यांत लव्हाळ्याची पाती मिसळून जातात आणि दिसेपर्यंत जमिनीखाली गाठींची साखळी तयार झालेली असते; नंतर तो वेचून काढताना रोपेही उपटावी लागतात. तक्रार केल्यावर विक्रेत्याने ‘सगळीकडेच असतो’ असे सांगितले, ते मला पटले नाही. पिशवीच्या तोंडाशी तीन कडांचा दांडा दिसला तर ती पिशवी बाजूला ठेवण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण नाही ना, हेही पाहून घ्यावे.

सर्वांत अधिक आक्षेप आहे तो वेडेलियाच्या विक्रीवर. पिवळ्या फुलांचे हे रोप ‘कुठेही येते, सावलीतही चालते’ असे सांगून आजही सर्रास दिले जाते. सावलीत त्याला फुले क्वचितच येतात, वाढ मात्र थांबत नाही. जगातील सर्वांत घातक अशा १०० आक्रमक परक्या प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. त्याचा प्रत्येक तुकडा रुजतो. छाटून टाकलेला कचरा नाल्याकाठी पडला की तो तिथली स्थानिक झुडपे दाबून टाकतो, आणि आपले नाले शेवटी नंदिनी नदीला आणि गोदावरीला मिळतात. फुकट मिळाले तरी ते घेऊ नये.

घरातील वडीलधाऱ्यांची शंका साधारणपणे सापांविषयी असते आणि ती रास्त आहे. घोणस आपल्या परिसरात आहे, उंदीर जिथे असतील तिथे साप येतात, आणि गुडघाभर वाढलेल्या वेलींत दोघेही लपतात. म्हणून दरवाजे, पायऱ्या आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेलगत मोंडोसारखे बोटभर उंचीचे आच्छादनच ठेवावे. फर्न आणि सिंगोनियम भिंतीकडे ढकलावेत. यांपैकी कोणतेही रोप रोजची पायवाट सोसत नाही, तेव्हा ये-जा असेल तिथे शहाबादी फरशीचे तुकडे आधी बसवावेत आणि मग त्यांच्या मधल्या फटी भराव्यात.

लागवडीची वेळ जूनचे पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावरची. आपल्याकडे इगतपुरीसारखा सलग पाऊस नसतो, मधल्या उघडिपीत पाणी द्यावे लागते, तरीही थंडीपूर्वी मुळे धरायला पुरेसा अवधी मिळतो. मोंडोच्या खर्चाने माघार घेणाऱ्यांना एक व्यवहार्य मार्ग आहे: गरजेच्या तिसरा-चौथा हिस्सा रोपे, पण जुनी आणि भरलेल्या झुपक्यांची, घ्यावीत, प्रत्येक झुपका मुळांसकट तीन-चार भागांत सोडवावा आणि ते भाग पंधरा सेंटीमीटरवर लावावेत. जुनी पिशवी नव्या पिशवीपेक्षा महाग पडते, पण हिशेब केला तर तीच स्वस्त ठरते.